कालीपा आपाची काठोकाठ वाटी

सापारची आई कालीपा आपा जाऊन बरेच हिवाळे झाले होते, तरी मंगळवारी सकाळी तिनं एका पाहुण्याला घरातून घालवून दिलं. आणि पाहुणा तरी कोण, तर नारीन गावचा वडीलधारा ओस्मोनकुल अक्साकाल. ज्याची पांढरी दाढी दिसली की नारीनचा पोलीससुद्धा तोंडातली सिगारेट लपवतो, तो.

सापार तेव्हा आपल्या मिनीबसखाली उताणा पडून शिव्या घालत होता. फोन वाजला. ग्रीसनं माखलेल्या हातानं त्यानं तो कानाला लावला.

"सापार, अरे काय केलं हे तुझ्या आईनं!" चित्रदालनाच्या प्रमुख नुरझादा एजे, म्हणजे नुरझादाताई, ओरडत होत्या.

"एजे, माझी आई टेकडीवर मातीखाली निजलीय. ती काय करणार?"

"अक्साकालांना उठवलं की रे तिनं! ते निरोपाचं ओमीन करून चालते झाले. ते उठले म्हणून आम्हालाही उठावं लागलं. आता सगळे रस्त्यावर उभे आहोत आणि थंडी नुसती मी म्हणतेय!"

सापारनं दचकून डोकं वर केलं, ते थेट सायलेन्सरला जाऊन आपटलं.

त्याचं असं झालं होतं. सापारची पोरगी बेगायिम बिश्केकला कॉम्प्युटर शिकायला गेली आणि गोधडीत गुंडाळलेला एक कॉम्प्युटर घेऊन परत आली. ती व्हिडिओ गेम बनवायची. आता बस स्टँडवर चार ड्रायव्हर लोकांत "पोरगी काय करते?" असं कुणी विचारलं तर बापानं काय सांगायचं? "खेळ बनवते," असं तो म्हणायचा. "लाकडाचे का?" असं लोक विचारायचे. मग तो टायरला लाथ मारून विषय बदलायचा.

खेळही कसला, तर बर्फात वाट चुकलेला एक घोडेस्वार. भटकता भटकता त्याला एक युर्त दिसते, नमद्याचा गोल तंबू, धुराड्यातून धूर येत असतो. म्हातारी बाहेर येते, त्याला आत नेते, चहा पाजते, चार शब्द बोलते आणि वाट सांगते. मग तो पुढं जातो. झाला खेळ. शेजारच्या पोरांनी तो खेळून बघितला आणि बेगायिमला विचारलं, "एजे, म्हातारीला मारायचं कधी?"

ती म्हातारी म्हणजे कालीपा आपा. तीच कपाळावरची आडवी आठी, तोच खांद्यावरून घसरणारा कोट. सापारनं मात्र खेळ बघितलाच नव्हता. "माझ्या आईचं बाहुलं नाचवतेस काय," म्हणाला, आणि त्या कॉम्प्युटरच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही.

चित्रदालनाची मागची खोली रिकामीच असायची. नुरझादा एजेंनी शब्द दिला होता, की समितीनं 'ही कला आहे' असं म्हटलं तर खोली बेगायिमची. खेळ तिथं मांडायचा, आणि शाळेच्या पोरांना चित्रं हलवायला शिकवायची नोकरी. नाही म्हटलं, तर बेगायिम कोरियाला जाणार. तिथल्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं.

सापारला पोरगी इथंच हवी होती. पण हे तोंडानं कबूल केलं असतं तर तो सापार कसला! रोज सकाळी तो म्हणायचा, "जा, जा कोरियाला. इथं काय आहे? मेंढ्या, नाहीतर तुझा बाप." आणि रोज सकाळी दुधावरची जाड साय तिच्या ताटात सरकवायचा.

तर त्या मंगळवारी समिती बसली. समिती म्हणजे तीन माणसं. एक नुरझादा एजे. दुसरा शिल्पकार कासिमाली. गावात चौकाचौकात जे दगडी घोडे आहेत ते सगळे त्याचेच, आणि सगळ्यांचे चेहरे त्याच्या मेव्हण्यासारखे. आणि तिसरे, सगळ्यांत थोर, चित्रकार ओस्मोनकुल अक्साकाल.

अक्साकालांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "खेळ तो खेळ. पोरं मेंढीच्या हाडांनी खेळतात, म्हणून आपण ती हाडं भिंतीवर टांगतो का? मी जन्मभर कुरणं रंगवली. माणूस चित्रापुढं येतो, उभा राहतो, गप्प होतो. याला म्हणतात कला. आणि इथं काय, तर बटणं दाबायची! बटणं तर लिफ्टलाही असतात."

"अक्साकाल, एकदा बसून तर बघा," बेगायिम म्हणाली.

"बसतो की. न बघता नाही म्हणायला मी काय मंत्री आहे?"

ते बसले. हातात धरायचं ते दोन शिंगांचं खेळणं त्यांनी बोकड पकडल्यासारखं घट्ट धरलं. घोडा बर्फातून निघाला. युर्त दिसल्यावर अक्साकाल लांबच उतरले, घोड्याचा लगाम धरून चालत गेले. कुणाच्या दारात घोडा दौडवत जायचा नसतो, हे काय त्यांना शिकवायला पाहिजे? म्हातारी बाहेर आली.

"ये बाळा, वर बस, मानाच्या जागेवर."

"अरे!" अक्साकाल खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाले. "ही तर कालीपा!"

तरुणपणी ते सोन-कुल तळ्याच्या वरच्या कुरणांत चित्रं काढत हिंडायचे तेव्हा त्यांनी कालीपाच्या युर्तमध्ये किती उन्हाळे काढले, किती भाकऱ्या खाल्ल्या, याला गणती नव्हती. त्यांचा चेहरा असा खुलला की नुरझादा एजेंना वाटलं, जमलं काम!

मग कालीपानं समोवारातून चहा ओतला आणि वाटी पुढं केली. काठोकाठ.

आता भरलेल्या वाटीचा अर्थ नारीनचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पाहुण्याला अर्धी वाटी द्यायची. ती संपली की पुन्हा अर्धी. म्हणजे वाटी हातातून हातात फिरत राहते, गप्पा चालतात, पाहुणा बसतो. काठोकाठ भरून दिली की त्याचं एकच म्हणणं असतं: प्या आणि उठा.

अक्साकाल त्या वाटीकडं बघत राहिले. मग त्यांनी खेळणं खाली ठेवलं, दोन्ही तळहात वर केले, चेहऱ्यावरून फिरवले. "ओमीन." आणि उठले. सगळ्यांत वडील माणसानं ओमीन केलं की बाकीच्यांना बसून चालत नाही. कासिमालीच्या तोंडात पिठाचा तळलेला बोरसोक अर्धाच गेला होता, तो तसाच उठला.

*

नारीनसारख्या गावात असली गोष्ट पसरायला रस्ता लागत नाही. दुपारी सापार आत-बाशीकडं निघाला तोवर त्याच्या गाडीतल्या लोकांना त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"म्हणजे सापार, तुमच्या घरी पाहुण्यांना असंच करतात का?" मागच्या बाकावरून एकीनं विचारलं.

"ते माझं घर नव्हतं. चित्रदालन होतं."

"पण ओतणारी तुझी आईच होती ना?"

"आई नव्हे, तिचं चित्र!"

"चित्र चहा कसं ओतेल रे? उगाच काहीतरी. आईचा दोष झाकायचा म्हणून किती थापा मारशील!"

घाट चढेपर्यंत गोष्ट वाढली होती. कुणाच्या मते अक्साकालांवर चहा सांडला. कुणाच्या मते त्यांना दारातच उभं ठेवलं. आत-बाशीला तो नेहमीच्या टपरीत चहाला बसला, तर टपरीवाल्या बाईनं त्याच्यापुढं वाटी आदळली. काठोकाठ! वर गालातल्या गालात हसली. ड्रायव्हर लोक टेबल बडवून खिदळले.

सापार तो चहा प्यालाच नाही. गाडीत येऊन बसला आणि सगळा घाट त्याच्या कानशिलात ती वाटी ठणकत राहिली. आई हयात असताना तिच्या दारातून भटकं कुत्रंसुद्धा उपाशी गेलं नव्हतं. आणि आता मेल्यावर तिच्या नावाला बट्टा!

घरी येऊन तो गरजला, "बेगायिम! तुला आजीनं काय शिकवलं होतं? आँ? भरून वाटी दिलीस?"

"बाबा, अर्धी वाटी काढली होती मी. पण पडद्यावर ती रिकामी दिसते. बिश्केकच्या मित्रांना दाखवली तर ते म्हणाले, वाटीत काहीच नाही. म्हणून भरली."

"पण अर्थ माहीत होता ना तुला?"

"होता. पण मला वाटलं..." ती जरा अडखळली. "मला वाटलं, खेळातला चहा तो. त्याचा कुणाला काय राग येणार?"

सापारची बायको जिपारा चुलीत गोवऱ्या घालत होती. ती हात झटकून वळली.

"वा गं! गावभर सांगत फिरतेस की खेळ म्हणजे कला, खेळ म्हणजे कला. आणि तुझाच विश्वास नाही होय? त्या म्हाताऱ्याचा बिचाऱ्याचा होता म्हणून तो रुसला. खोट्या चहावर कोण रुसतं?"

पोरीनं मान खाली घातली. सापारनं खुर्ची ओढली.

"दाखव. बघू दे मला काय केलंय ते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते दोन शिंगांचं खेळणं हातात घेतलं. गाडी हाकायची सवय, त्यामुळं त्यानं घोडा सुसाट सोडला आणि थेट युर्तच्या दाराशी आणला. कुत्रं अंगावर धावून आलं. आतून आवाज आला:

"कोण मेला घोड्यावरून दारात येतोय? आईबापानं काही शिकवलं नाही का?"

सापार ताडकन उभा राहिला. तोच आवाज. त्याच सुरातली तीच शिवी. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आईचा आवाज... कुठून आणलास हा?"

बेगायिमनं आईकडं बघितलं. जिपारा चुलीकडं तोंड करून म्हणाली, "मी काढला. इतकी वर्षं तोच आवाज ऐकत संसार केला, नक्कल जमणार नाही होय?"

सुनेनं सासूचं नाव तोंडातून काढायचं नसतं, ते जिपारानं कधी काढलं नव्हतं. पण आवाज काढू नये असं काही कुणी सांगितलेलं नव्हतं.

सापार पुन्हा बसला. घोडा मागं नेला, लांब उतरला, चालत आला. म्हातारीनं आत घेतलं. तीच चूल, तोच समोवार, नमद्याच्या भिंतीवर तीच लाल नक्षी. सापार पोरासारखा बघत राहिला. मग आईनं चहा ओतला आणि वाटी पुढं केली. काठोकाठ.

"आई!" सापार म्हणाला. "मला सुद्धा?"

*

दुसऱ्या दिवशी एक मोठं भांडं भरून साय घेऊन तो अक्साकालांच्या घरी गेला. म्हातारा पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"अक्साकाल, मी माफी मागायला आलोय."

"तू कशाला मागतोस? तू ओतलास चहा?"

"नाही, पण..."

"मग गप्प बस." अक्साकाल कुशीवर वळले. "रात्रभर विचार करतोय मी, कालीपानं असं का करावं? मग आठवलं. मी एकदा तिचं चित्र काढलं होतं. त्यात नाक जरा लांब झालं. तेव्हा ती काही बोलली नव्हती."

"अक्साकाल, ती खेळातली आहे. खरी नाही."

"खरी नाही? मग तुझं तोंड का उतरलंय?"

सापारनं सायीचं भांडं पुढं सरकवलं. अक्साकालांनी बोट बुडवून चाखलं, पण गडी काही विरघळला नाही.

"ऐक पोरा. राग कालीपाकडून आलाय. जायचा असेल तर तिच्याकडूनच जाईल. तुझ्या सायीनं नाही."

घरी येऊन त्यानं पोरीला सांगितलं, "चहा कमी कर."

कमी करणं सोपं नव्हतं. बेगायिमनं अर्धी वाटी काढली, ती रिकामी दिसली. पाऊण काढली, तर सापार म्हणाला, "ही पावणेहाकलणी झाली." शेवटी जिपारानं खरी वाटी घेतली, खरा चहा ओतला आणि म्हणाली, "वाटीकडं काय बघताय दोघं? हाताकडं बघा ना." तिनं डावा हात छातीला लावला, जरा वाकली आणि उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर वाटी पुढं केली. "भरलेली वाटी अशी धरता येईल का? बोटं भाजतील. हात असा आला की चहा अर्धाच आहे हे आंधळ्यालाही कळतं."

बेगायिमनं तो हात काढला. काय काढला! म्हातारीच्या वाकण्यात, त्या बोटांत, नुसता चहा नव्हता तर 'बस रे बाळा' हे सगळं आलं. आणि वाटी रिकामी झाली की म्हातारी पुन्हा ओतणार, अर्धीच, अशी सोयही तिनं केली.

*

समिती पुन्हा बसली. ओस्मोनकुल अक्साकाल धुतलेला कोट घालून आले, डोक्यावर नवा पांढरा कलपाक. फडक्यातून एक गरम भाकरी आणि खडीसाखरेचा खडा काढून त्यांनी कॉम्प्युटरपुढं ठेवला.

"हे काय, अक्साकाल?" नुरझादा एजेंनी विचारलं.

"रिकाम्या हातानं जायचं का कुणाच्या घरी? तेही रुसवा काढायला?"

ते बसले. लांब उतरले, चालत गेले, मानाच्या जागेवर बसले. कालीपानं चहा ओतला, हात छातीला लावला, वाकली आणि वाटी पुढं केली. अर्धी.

अक्साकाल वाटीवर वाकले. "हं," म्हणाले. मग बटण दाबून प्याले. वाटी रिकामी. कालीपानं पुन्हा ओतली, अर्धी.

"पोरं बरी आहेत ना? जनावरं बरी आहेत ना?" कालीपानं विचारलं.

"बरी आहेत, कालीपा," अक्साकाल मोठ्यानं म्हणाले. "पाय तेवढे दुखतात." खोलीत कुणी हसलं नाही. "आणि ते नाक... ते मुद्दाम नव्हतं काढलं गं."

"अजून घे बाळा," कालीपा म्हणाली. अक्साकालांच्या दाढीत दोन थेंब उतरले.

मग कासिमालीनं खुर्ची मागितली. तोही प्याला. "पोरं बरी आहेत ना?" या प्रश्नावर हा दगडातला माणूस आपल्या थोरल्या पोराबद्दल बोलायला लागला. पोरगं मॉस्कोला गेल्यापासून फोन करत नाही, हे त्यानं आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. नुरझादा एजे "मी फक्त बघते" म्हणून बसल्या आणि नाक ओढत उठल्या. पुन्हा अक्साकाल बसले.

इथपर्यंत सगळं सुरेख चाललं होतं. सापार दाराशी उभा राहून हातातला कलपाक चुरगाळत होता, मनात म्हणत होता, पोरगी राहिली, पोरगी राहिली.

पण अक्साकाल उठेनात.

"अक्साकाल, आता मत घ्यायचं का?" नुरझादा एजेंनी हळूच विचारलं.

"कसं घ्यायचं? ती अजून ओततेय. ओतती बाई सोडून उठू?"

बेगायिमच्या आता ध्यानात आलं. आधी वाटी भरलेली असायची, ती प्यायली की स्वार निघायचा. आता म्हातारी ओततच राहणार आणि निघायची वाटच तिनं ठेवली नव्हती. अक्साकाल उठल्याशिवाय कासिमाली उठेना, कासिमाली उठल्याशिवाय नुरझादा एजेंना हलता येईना. बाहेर शाळा सुटली. चित्रदालन बंद करायची वेळ टळून गेली. कासिमालीचं पोट सगळ्यांना ऐकू यायला लागलं.

"वीज घालवू का?" नुरझादा एजे कुजबुजल्या.

"यजमानिणीच्या घरातला दिवा विझवता?" अक्साकाल मागं न वळता म्हणाले. "लाज नाही वाटत?"

तेव्हा सापारशेजारी दाराशी उभी असलेली जिपारा पुढं झाली. पदर सावरावा तसा तिनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला, पडद्यामागं जाऊन उभी राहिली आणि सासूच्या आवाजात म्हणाली, "ओस्मोनकुल, बाळा, घोडा थंडीत उभा आहे रे. जा आता. पण परत ये हं, वाट बघते."

अक्साकालांनी एकदा पडद्यामागून दिसणाऱ्या रुमालाकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं बघितलं. त्यांना कळलं नसेल असं नाही. पण निरोप निरोपासारखा होता. त्यांनी तळहात उचलले. "ओमीन." सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. सापारनंही.

"तर मग," नुरझादा एजे घाईघाईनं म्हणाल्या, "ही कला आहे का?"

"ते मी नाही सांगणार," अक्साकाल म्हणाले.

"म्हणजे?"

"आत्ता ज्या घरी चहा प्यालो, भाकरी मोडली, त्या घराची परीक्षा करू? उद्या शेजारच्यांकडं जेवून येईन आणि त्यांच्या बायकोला मार्क देईन! असला नीचपणा माझ्यानं होणार नाही."

"कासिमाली, तू?"

"एजे, मी तर कालीपा आपांना माझ्या पोराचं सांगितलं. आता कुठल्या तोंडानं?"

राहिल्या नुरझादा एजे. त्याही प्याल्या होत्या.

सापारच्या हातातला कलपाक खाली पडला. अहो, कुणी नाही म्हटलं नाही, पण कुणी हो म्हणायलाही तयार नाही! उपकार मानता मानता या लोकांनी पोरीचं काम बुडवलं!

"नियम काय सांगतो?" त्यानं विचारलं.

"निर्णय होईपर्यंत मांडलेली वस्तू हलवायची नाही," नुरझादा एजे म्हणाल्या. "आणि जो परीक्षा करेल तो परका पाहिजे. चहा न प्यालेला."

मग सुरू झाला चहा न प्यालेल्या माणसाचा शोध. शाळेचे हेडमास्तर आले, "निर्णय देण्याआधी जरा समजून घेतो," म्हणून बसले. त्यांना आतून ओढून काढावं लागलं. गुरांच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते लाजून म्हणाले, "मी कालच जाऊन आलो." सापारनं आत-बाशीहून एक करडा हिशेबनीस आणला. माणूस इतका करडा, की त्याला लग्नातही कुणी हसताना बघितलं नव्हतं. त्याला बजावलं, "नुसतं बघायचं. हात लावायचा नाही." तो उभा राहूनच बघत होता. कालीपानं वाटी पुढं केली आणि तो पुटपुटला, "वाटी पुढं आलेली असताना घेतली नाही, तर ते बरं दिसतं का?" आणि बसला.

आख्खा हिवाळा असा गेला. मागच्या खोलीबाहेर जोडे, बूट काढलेले दिसायचे. कॉम्प्युटरपुढं भाकऱ्या, साखर, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या साठायच्या, त्या बेगायिम शाळेच्या पोरांना वाटायची. पोरं शिकायला यायला लागली होती. नोकरी नव्हती, पण काम होतं. आत-बाशीच्या टपरीवालीनंही एकदा बस भरून बायका आणल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सापारला अर्धी वाटी मिळायला लागली. कोरियाहून विचारणा झाली की बेगायिम लिहायची, "अजून निर्णय झाला नाही, थांबा." सापार रोज म्हणायचा, "काय हा ढिसाळ कारभार!" आणि रोज जरा जाड साय राखायचा.

*

वसंतात, नदीवरचा बर्फ फुटायच्या सुमारास बिश्केकहून एक साहेब आला. वरून पाठवलेला. चहा न प्यालेला. सापारनंच त्याला आपल्या गाडीतून आणलं. टाय, चकचकीत बूट, मांडीवर चामड्याची बॅग.

"प्रश्न साधा आहे," साहेब वाटेत म्हणाला. "एक तर खेळ, नाहीतर कला. तुम्ही लोकांनी एवढा घोळ का घातलाय तेच कळत नाही. मी अर्ध्या तासात निकाल देतो. तुम्ही इंजिन चालूच ठेवा, मला परत जायचंय."

"ठेवतो साहेब," सापार म्हणाला. या माणसाचं घड्याळ बघूनच कळत होतं, हा 'खेळ' म्हणणार. मग खोली गेली, पोरं गेली, पोरगी गेली.

दारात बेगायिम उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सापारला वाटलं, हिला सांगावं, की पोरी, तुझ्यामुळं मला माझी आई पुन्हा भेटली, आता साहेब काय म्हणायचं ते म्हणू दे. पण तो म्हणाला, "नाक पूस. सर्दी झालीय तुला."

"हो बाबा," ती म्हणाली आणि एकदम हसली. बापाचं न बोललेलं तिला लहानपणापासून ऐकू येत होतं.

साहेब आत गेला. सापार गाडीशी येऊन उभा राहिला. इंजिन घुरघुरत होतं. मागच्या खोलीची खिडकी ऊन आलं म्हणून उघडी ठेवली होती. आतून पहिल्यांदा कुत्र्याचं भुंकणं आलं. मग, "कोण मेला घोड्यावरून दारात येतोय?" मग बराच वेळ बर्फात पावलं वाजत राहिली. लांबून, चालत.

"ये बाळा, वर बस."

समोवारातून चहा पडल्याचा आवाज.

"पोरं बरी आहेत ना? जनावरं बरी आहेत ना?"

सापारनं कान टवकारले. मग खिडकीतून साहेबाचा आवाज आला, अगदी दबका, टाय सैल केल्यासारखा:

"जनावरं नाहीत, आपा. एक मांजर आहे. आजारी आहे बिचारी."

"अजून घे बाळा."

सापारनं गाडीत हात घालून इंजिन बंद केलं. कलपाक काढला आणि टेकडीकडं तोंड करून उभा राहिला.

"उपकार झाले गं आई," तो म्हणाला. "अजून एक आलाय बघ. जाऊ देऊ नकोस इतक्यात."